गरिबांचे डॉक्टर : धन्यवादित लास्लो बत्यानी



२२ जानेवारी हा धन्यवादित डॉ. लास्लो बत्यानी-श्ट्राटमान यांचा स्मरणदिन. नाव उच्चारायला अवघड आहे आणि आपल्या घरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर ते बहुधा छापलेलेही नसते. लॅटिन आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांना लादिस्लाउस म्हणतात. हंगेरी आणि ऑस्ट्रियामध्ये मात्र या डॉक्टरांचे नाव लोक प्रेमाने घेतात. त्यांना तिथे पडलेले नाव सोपे आहे : गरिबांचे डॉक्टर.

संत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झगा घातलेले धर्मगुरू, मठातल्या भगिनी नाहीतर रक्तसाक्षी येतात. डॉक्टर संतही आपल्याला थोडेफार माहीत आहेत. नेपल्सचे संत ज्युसेप्पे मोस्काती हे तर बत्यानींचे समकालीन. पण ते अविवाहित होते. संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला या डॉक्टर होत्या, आई होत्या, २००४ साली त्यांना संतपद मिळाले. बत्यानींची गोष्ट आणखी वेगळी आहे. हा माणूस जन्माने सरदार, पुढे तर प्रिन्स. राहायला किल्ल्यासारखा वाडा, नावावर मोठी जमीन, घरात पत्नी आणि तेरा मुले. उंटाच्या आणि सुईच्या नेढ्याच्या दाखल्याने ज्या श्रीमंताला घाम फुटावा, नेमका तसा हा श्रीमंत. तो प्रभूपर्यंत कसा पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८७० रोजी हंगेरीतील दुनाकिलिती या गावी झाला. दहा भावंडांत ते सहावे. बत्यानी हे हंगेरीतील अतिशय जुने घराणे. या घराण्यात कार्डिनल झाले. १८४८ साली हंगेरीचे पहिले पंतप्रधान झालेले आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या सत्तेने गोळ्या घालून ठार केलेले लायोश बत्यानी हेही याच घराण्यातले. लास्लो सहा वर्षांचे असताना कुटुंब किटसे या गावी राहायला आले. व्हिएन्नाच्या पूर्वेला, डॅन्यूब नदीपासून जवळच असलेले हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या आणि ते ऑस्ट्रियात गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला या घरात काही कमी दिसली नसती. आत मात्र घर मोडत होते. वडील कुटुंबाला सोडून गेले. मुले आईजवळ राहिली. लास्लो बारा वर्षांचे असताना आईही वारली. तिचे वय तेव्हा अवघे ३९ होते. नोकरचाकर, घोडागाड्या, जमीनजुमला सगळे जागच्या जागी होते, फक्त आईवडील नव्हते. आपल्या धर्मग्रामातही अशी मुले आहेत. खाण्यापिण्याला कमी नाही, पण संध्याकाळी घरात वाट पाहणारे कोणी नाही. त्यांच्याविषयी बोलताना आपण जरा जपून बोलावे, असे या डॉक्टरांचे बालपण वाचताना मला वाटले.

आईच्या आजारपणाचा आणि मृत्यूचा या मुलाच्या मनावर खोल परिणाम झाला असावा. कारण आपण मोठेपणी डॉक्टर होणार आणि गरीब आजाऱ्यांना पैसे न घेता बरे करणार, असे तो लहानपणीच सांगत असे. लहान मुले असे पुष्कळ काही सांगतात. पुढच्या वर्षांत या मुलाचेही तसेच होईल असे वाटत होते.

काल्क्सबुर्ग आणि कालोचा येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. मुलाने पुढे घराण्याच्या जमिनी सांभाळाव्यात, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी शेतीशास्त्राला नाव घातले. ते काही मनाला रुचले नाही. मग रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, तत्त्वज्ञान, साहित्य, संगीत अशी एकामागून एक दारे ते ठोठावत राहिले. आपल्या घरी असा मुलगा असता तर आपण त्याला काय काय ऐकवले असते! वयाची पंचविशी उलटली तरी या तरुणाचे काही ठरत नव्हते. शेवटी १८९६ साली त्यांनी वैद्यकशाखेत प्रवेश घेतला. लहानपणीचे ते बोलणे विरून गेलेले नव्हते, त्याला फक्त वेळ लागला. सरदार घराण्यातल्या मुलाने सैन्यात जावे, जमीन पाहावी, राजदरबारी मानाची जागा घ्यावी. रोग्यांचे पू आणि रक्त पुसणे हे त्या वर्गाचे काम समजले जात नव्हते. पण आता ते मागे वळले नाहीत.

शिक्षण चालू असतानाच, १० नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचा विवाह काउंटेस मारिया तेरेसा कोरेथ हिच्याशी झाला. ती अतिशय श्रद्धावान घरातली मुलगी होती. १९०० साली ते डॉक्टर झाले. ज्याला स्वतःला मोडलेले घर मिळाले, तो पुढे तेरा मुलांचा बाप झाला.

त्या घरचा दिनक्रम तेव्हाही थोड्याच घरांत पाळला जात असेल. दररोज सकाळी सगळे कुटुंब एकत्र पवित्र मिस्साला हजर राहत असे. मिस्सानंतर डॉक्टर स्वतः मुलांना थोडा वेळ धर्मशिक्षण देत. हे काम त्यांनी शिक्षकांवर किंवा धर्मगुरूंवर सोपवले नाही. त्यानंतर ते प्रत्येक मुलाला त्या दिवसापुरते प्रेमाचे एक ठरावीक काम नेमून देत. नुसते चांगले वागा असे सांगत नसत, तर आज तू अमुक एक गोष्ट कर, असे सांगत. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि रोझरी झाल्यावर दिवस कसा गेला, सकाळी दिलेले काम झाले की नाही, याचा विचार एकत्र बसून करायचा. तेरा मुलांचा हा रोजचा हिशेब बाप शांतपणे ऐकत असे, आणि तोही दिवसभर दवाखान्यात उभे राहून आल्यावर. आपल्याकडे कित्येक घरांत संध्याकाळची रोझरी मालिकांनी खाल्ली आणि उरलीसुरली मोबाईलने. वेळ मिळत नाही हे आपले नेहमीचे कारण. या माणसाला वेळ कुठून मिळत होता, कोण जाणे.

१९०२ साली त्यांनी किटसे येथे स्वखर्चाने इस्पितळ सुरू केले. खाटा २५. सुरुवातीला ते सर्व प्रकारचे रोगी तपासत. पुढे ते शस्त्रक्रिया करू लागले आणि मग नेत्रविकारांकडे वळले. त्या टापूत हंगेरियन, जर्मन, क्रोएशियन, स्लोवाक अशा चार भाषा बोलल्या जात, किटसेमध्ये ज्यू लोकांचीही जुनी वस्ती होती. शेतमजुरांची ती गावे. डॉक्टरांकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, वर पैसे मोजायचे. साहजिकच दुखणे अंगावर काढायची रीत होती.

डोळ्यांचे दुखणे गरिबाच्या घरी काय करते, हे आपल्यातल्या वयस्कर लोकांना वेगळे सांगायला नको. मोतीबिंदू पिकला की कमावता माणूस कोपऱ्यात बसतो. त्याचे खाणे उरते, काम उरत नाही. आज आपल्याकडे सकाळी शस्त्रक्रिया आणि दुपारी माणूस घरी, असे होते. त्या काळी तसे नव्हते. डोळ्यात कोकेनच्या द्रावणाचे थेंब घालून तो बधिर करता येतो, हा शोध कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने व्हिएन्नातच १८८४ साली लावला होता. त्यामुळे शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. पण गढूळ झालेले भिंग काढून टाकल्यावर डोळ्यात बसवायला कृत्रिम भिंग नव्हते. ते पहिल्यांदा बसवले गेले १९४९ साली, लंडनमध्ये. तोपर्यंत रोग्याला जाड काचांचा चष्मा लावूनच जगावे लागे. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधून अनेक दिवस डोके न हलवता निजून राहावे लागे. जंतूंचा संसर्ग झाला तर वाचवणारी प्रतिजैविक औषधे अजून निघायची होती. हात थोडा चुकला किंवा स्वच्छतेत कसूर झाली की डोळा कायमचा गेला. अशा काळात रोगी लांबून लांबून या डॉक्टरांकडे येत. त्यांची कीर्ती हंगेरीच्या बाहेरही पसरली. ती त्यांच्या सरदारकीमुळे नव्हे, हातातल्या कौशल्यामुळे पसरली. दानधर्म करणाऱ्या श्रीमंताचे लोक आभार मानतात, पण आपला डोळा त्याच्या सुरीखाली द्यायला तयार होत नाहीत.

शस्त्रक्रियेला हात घालण्यापूर्वी ते परमेश्वराचा आशीर्वाद मागत. आपण केवळ देवाच्या हातातले साधन आहोत, बरे करणारा तोच, अशी त्यांची श्रद्धा होती. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. फी म्हणून काय द्यायचे, असे कोणी विचारलेच तर माझ्यासाठी एकदा आमच्या स्वर्गातील बापा ही प्रार्थना म्हणा, असे सांगत. औषधे लिहून द्यायचे आणि त्यांचे पैसेही स्वतःच भरायचे. शिवाय पुष्कळदा रोग्याच्या हातावर थोडी रक्कमही ठेवत. घरी गेल्यावर त्याच्या घरच्यांनी काय खायचे, हाही प्रश्न त्यांना आपलाच वाटे.

इस्पितळातून घरी निघालेल्या रोग्याला ते प्रभू येशूचे एक चित्र आणि एक छोटे पुस्तक भेट देत. पुस्तकाचे नाव होते डोळे उघड आणि पाहा. डोळ्यांच्या डॉक्टराने द्यावे असेच ते नाव. अंधत्व दोन प्रकारचे असते, हे आपण यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयाची गोष्ट ऐकताना नेहमी ऐकतो. डॉक्टरांनी एका प्रकारावर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्यासाठी पुस्तक दिले. रोग्यावर त्यांनी कसली बळजबरी केली नाही. स्वतःच्या आत्म्याच्या आणि रोग्यांच्या आत्म्याच्या कल्याणासाठी मात्र ते रोज प्रार्थना करीत. त्यांची पत्नीही या सेवेत त्यांच्या जोडीने उभी राहिली. एवढ्या मोठ्या घराचा पसारा सांभाळून, एकामागून एक बाळंतपणे सोसून ती नवऱ्याच्या रोग्यांना आपले मानत होती. अशा पुरुषांची चरित्रे लिहिताना बायकांच्या वाट्याला दोन ओळी येतात. इथेही तसेच झाले आहे, याची मला जाणीव आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जखमी सैनिकांसाठी इस्पितळ वाढवून १२० खाटांचे करण्यात आले. युद्ध चालू असतानाच, १९१५ साली, त्यांचे काका ओडोन बत्यानी-श्ट्राटमान वारले आणि कोर्मेंद येथील वाडा, इस्टेट, प्रिन्स हा किताब आणि श्ट्राटमान हे जोडनाव लास्लोंकडे आले. ज्या जमीनदारीतून बाहेर पडून ते डॉक्टर झाले होते, तीच आता दसपट होऊन दारात उभी राहिली. १९२० साली ते कुटुंबासह कोर्मेंदला राहायला गेले. एवढ्या थोर वाड्यात जाऊन त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर त्याच्या एका भागाचे नेत्ररुग्णालय केले. ज्या दालनांत पूर्वी मेजवान्या झडत, त्या वाड्यात आता डोळ्यांना पट्ट्या बांधलेले शेतकरी निजू लागले.

कोर्मेंदला येऊन वर्षही झाले नसेल आणि घरावर मोठा घाला पडला. थोरला मुलगा ओडोन १९२१ साली ॲपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. वय २१. आज साधी वाटणारी ही व्याधी त्या काळी, प्रतिजैविकांच्या अभावी, धडधाकट तरुणाला चार दिवसांत नेत असे. हजारो लोकांच्या मुलांना हात लावून बरे करणारा बाप स्वतःच्या मुलाच्या उशाशी रिकाम्या हाताने बसला. दुसऱ्यांची घरे राखणाऱ्याचे घर देव राखत नाही का, असे आपल्यापैकी कोणीही अशा वेळी विचारील. डॉक्टरांना काय वाटले असेल याचा अंदाज बांधण्याचे धाडस मी करत नाही. एवढे दिसते की त्यांनी इस्पितळ बंद केले नाही आणि रोजची मिस्सा सोडली नाही. त्या घरची रोझरी चालू राहिली, एक आवाज कमी होऊन.

पुढची आठ-नऊ वर्षे कामात गेली. मुले मोठी होत होती. वय साठीकडे झुकले होते. आता काम तरुण डॉक्टरांवर सोपवून वाड्याच्या बागेत नातवंडांबरोबर बसायचे, अशी निवृत्ती त्यांना सहज घेता आली असती. ती त्यांनी घेतली नाही. शेवटी आजारानेच त्यांना निवृत्त केले. मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि व्हिएन्नातील ल्यॉव सॅनेटोरियममध्ये त्यांना दाखल करण्यात आले.

डॉक्टरांना डॉक्टरांचा आजार जड जातो. पुढे काय काय होणार, हे त्यांना पायरी-पायरीने माहीत असते. बत्यानींना चौदा महिने तीव्र वेदना सोसाव्या लागल्या. खाटेशेजारी उभे राहणारा माणूस आता खाटेवर होता. या काळात त्यांनी घरच्यांना पत्रे लिहिली. लिली या मुलीला त्यांनी कळवले की देव हे दुखणे किती दिवस ठेवील ते माहीत नाही, पण आयुष्यभर त्याने इतका आनंद दिला, तर आता साठाव्या वर्षी हे कठीण दिवसही आभार मानून घेतले पाहिजेत. बहिणीला त्यांनी वेदना भयंकर आहेत हे लपवले नाही. आपण हे ख्रिस्तासाठी सोसतो आहोत, एवढाच दिलासा असल्याचे आणि आपण सुखी असल्याचेही तिला लिहिले. पत्रे वाचताना बरे वाटते ते यासाठी की त्यांनी दुखत नाही असे सोंग केले नाही. आजाऱ्याला भेटायला जाणारे आपण लोक अनेकदा त्याच्याकडून असे सोंग करवून घेतो.

शेवटच्या दिवसांत ते घरच्यांना सांगत की मला उचलून सज्जात न्या, प्रभू किती चांगला आहे हे मला जगाला ओरडून सांगायचे आहे. २२ जानेवारी १९३१ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. वयाची साठ वर्षे तीन महिन्यांपूर्वी पूर्ण झाली होती.

ग्युसिंग येथील फ्रान्सिस्कन चर्चमध्ये, बत्यानी घराण्याच्या थडग्यांच्या तळघरात, त्यांना ठेवण्यात आले. ग्युसिंग आज ऑस्ट्रियात आहे आणि कोर्मेंद हंगेरीत. त्यामुळे दोन्ही देशांचे भाविक त्यांना आपला माणूस मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत मोठी उलथापालथ झाली. १९४५ च्या जमीन सुधारणेत सरदारांच्या मोठ्या इस्टेटी गेल्या, १९४७ साली किताबही कायद्याने रद्द झाले, मग चाळीस वर्षे साम्यवादी राजवट राहिली. प्रिन्स बत्यानींचे जे जे काही कागदावर होते, ते बहुतेक सगळे पुसले गेले. लोकांच्या आठवणीत राहिला तो डोळ्यांचा डॉक्टर.

२३ मार्च २००३ रोजी, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या चौकात त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांच्याबरोबर आणखी चौघांना हा मान मिळाला. तीनच दिवसांपूर्वी इराकमध्ये युद्ध सुरू झाले होते आणि ते होऊ नये म्हणून आजारी, थकलेले पोप महाशय कित्येक आठवडे कळकळीने सांगत आले होते. अशा दिवशी जखमी सैनिकांसाठी खाटा वाढवणाऱ्या डॉक्टरांचे नाव वेदीवर घेतले गेले.

कोर्मेंदच्या वाड्यात आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. आरोग्यसेवेत उत्तम काम करणाऱ्यांना हंगेरीचे सरकार जो पुरस्कार देते, त्यालाही लास्लो बत्यानी-श्ट्राटमान यांचेच नाव आहे. २२ जानेवारीच्या मिस्सात आपण आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर, परिचारिका आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी प्रार्थना करू या, आणि त्यात एकदा आमच्या स्वर्गातील बापा या डॉक्टरांसाठीही म्हणू या. त्यांची फी तीच होती.